कुंपणावरचा करार

न्यायाधीशबाईंनी गुरुवारी सकाळी मतपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि सांगितलं की सोमवारी रात्री मोजलं होतं ते बरोबरच होतं. लाल पक्षाची रोना मॅकएकर्न, बाराशे चार. निळ्यांचा ब्लेन डूअर, बाराशे चार. हिरव्यांचा जो कोणी होता त्याला एकशे एकोणीस, आणि ती कुणी दिली हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बेटावरच्या बाकीच्या सव्वीस जागांपैकी तेरा लालांना मिळाल्या होत्या, तेरा निळ्यांना. म्हणजे या बेटाएवढ्या प्रांतात सरकार कुणाचं, हे या एका जागेवर येऊन अडलं होतं. बरोबरी झाली तर काय करायचं, हे कायद्यात एका ओळीत लिहून ठेवलेलं होतं. नाणं उडवायचं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता, कोर्टात, दोन्ही उमेदवारांसमोर. महिनाभर शाळा, दवाखाने आणि मच्छीमारांचे धक्के यांवर सगळ्यांनी घसे कोरडे केले होते, आणि शेवटी प्रांताचं भवितव्य पंचवीस सेंटांच्या नाण्यावर येऊन बसलं होतं. हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. निदान नाणं कुणाचा मेहुणा तरी नसतं, असं लोक म्हणत होते.

दुपारी बाराच्या आत सगळे मॅकएकर्न म्हाताऱ्या हेक्टरच्या स्वयंपाकघरात जमले. हेक्टरची बहीण एफी खारवलेल्या कॉड माशाच्या टिक्क्या तळत होती आणि प्रत्येक टिक्की उलथताना ब्लेन डूअरचं नाव घेत होती. हेक्टर चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला होता. वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून जुने. एरवी असल्या बैठकीत पहिला आवाज त्याचा असायचा. आज सगळे आल्यापासून त्यानं तिसऱ्यांदा चहात साखर घातली होती.

या घरात मूल आधी लाल व्हायचं आणि मग त्याचा बाप्तिस्मा व्हायचा. हेक्टरच्या वडिलांना, मर्डोकना, लालांनी धक्क्यावरच्या दिव्याच्या राखणीची नोकरी दिली तेव्हापासूनचं हे व्रत. समोरच्या रस्त्यावर त्याचा पुरावा होता. लाल सरकार आलं की डांबर मॅकएकर्नांच्या फाटकापर्यंत यायचं आणि थांबायचं. निळं आलं की पलीकडच्या टोकाकडून शेजारच्या वेदरबीच्या फाटकापर्यंत. मधल्या साठ पावलांना आजवर कुठल्याच सरकारनं आपलं म्हटलं नव्हतं, आणि एप्रिलमध्ये तिथं घोट्याएवढा तांबडा चिखल असायचा.

"एक मत!" हेक्टरचा मुलगा लॉर्न म्हणाला. सगळे बसलेले असताना उभं राहायची त्याला सवय होती, म्हणून बहीण रोनाच्या प्रचाराची सूत्रं त्याच्याकडे आली होती. "एकानं घात केला. आपल्याच घरातल्या कुणीतरी."

"आपल्याच घरातल्या कशावरून?" रोनाचा नवरा जेरार म्हणाला.

"बाकीच्यांवर माझा विश्वास आहे म्हणून."

एफीनं झारा जेरारकडे वळवला. "रस्त्यावरचा बर्फ काढायचा नांगर कोण चालवतं रे? सरकारी?"

"मी चालवतो, आत्या. बावीस वर्षं."

"आणि सरकार बदललं की?"

"बर्फ तोच राहतो, नांगरावरचा माणूस बदलतो. माहीत आहे मला."

"मग डूअरनं तुला सांगितलं नसेल कशावरून, की बाबा रे, तू इकडे बघ, मी तुझ्या नांगराकडे बघतो?"

जेरारनं काटा खाली ठेवला. तो मूळचा बेटाच्या पश्चिम टोकाचा, फ्रेंच घरातला. या घरात जावई होऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्याच्या ताटात टिक्की शेवटी पडायची. "आत्या, मतपत्रिकेवरून माझं आडनाव पुसलंत तेव्हा मी तोंड उघडलं होतं का? पंचवीस वर्षं ती रोना आर्सेनो आहे. शाळेत मुख्याध्यापिकेच्या दारावर तेच लिहिलेलं आहे. निवडणूक लागली आणि एका रात्रीत मॅकएकर्न झाली."

"मॅकएकर्न नावाला या भागात चारशे मतं आहेत," लॉर्न म्हणाला. "पक्षानं हिशेब केला होता."

"आणि वरची आठशे?"

"दारं ठोठावली," रोना म्हणाली. महिनाभरात तिच्या बुटांचे तळ झिजले होते आणि आवाज बसला होता. "सतराशे बारा दारं."

हेक्टरनं लेकीकडे पाहिलं आणि चहात चौथ्यांदा साखर घातली.

सोमवारी त्यानं ठेवणीतला कोट घातला होता, बायकोच्या, फ्लोराच्या, अंत्यविधीला बांधलेला टाय बांधला होता आणि सगळ्यांना हात करून ट्रक बाहेर काढला होता. मतदान समाजमंदिरात होतं, उजवीकडे. हेक्टर उजवीकडे वळला, वळणाआड गेला, मागच्या शेतरस्त्यानं परत आला आणि ट्रक वेदरबीच्या कोठाराआड लावून एल्डन वेदरबीच्या शेडमध्ये जाऊन बसला. तिथं पत्ते पिसून ठेवलेले होते.

सदतीस वर्षं हे असंच चालू होतं. त्या पहिल्या वर्षीच्या निवडणुकीत असाच चिखल होता. हेक्टरचा ट्रक त्या साठ पावलांत रुतला आणि एल्डननं ट्रॅक्टर लावून ओढून काढला. कुंपणाशी उभं राहून दोघं बूट खरवडत होते. एल्डन म्हणाला, "तू लाल, मी निळा. तुझं एक, माझं एक. वजा केलं की राहतं काय? मग आपण दोघांनी चिखलात मरायचं कशाला?" हेक्टरला यात खोट सापडली नाही. कुंपणावरून हात मिळवले. तेव्हापासून निवडणूक जाहीर झाली की दोघं एकदा कुंपणाशी भेटायचे, "नेहमीचंच ना?" "नेहमीचंच," म्हणायचे आणि मतदानाच्या दिवशी शेडमध्ये पत्ते खेळायचे. दोन्ही घरांत कुणाला पत्ता नव्हता. मत चुकीच्या पक्षाला देणारा माणूस या बेटावर वाया गेलेला समजतात, पण तो माणूस तरी समजतात. न देणाऱ्यासाठी शब्दच नाही.

यंदा मात्र तो कुंपणाशी करार मोडायला गेला होता. पोटची पोर उभी होती. पण जाता जाता त्याच्या डोक्यात आलं, की एल्डनला मोकळं केलं तर तो एकटा जायचा नाही. पोरं, सुना, पुतणे गोळा करून ट्रॅक्टरवर घालून नेईल. एक वाचवायला गेलो आणि चार अंगावर घेतले, असं व्हायला नको. पक्षवाले तर सांगतच होते, रोना चारशेनं येते. म्हणून एल्डन जवळ येताच त्यानंच घाईनं हात पुढे केला. "नेहमीचंच ना?" एल्डननं तोंड उघडलं, मिटलं, जरासा खोकला आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर नेहमीचंच."

आता त्याला तो खोकला पुन्हा पुन्हा आठवत होता.

"यादी काढा," लॉर्न म्हणाला. "मोराग, यादी!"

मोराग ही लॉर्नची मुलगी, चोवीस वर्षांची, राजधानीत शार्लटटाउनला शिकणारी. प्रचाराच्या कचेरीत फोनचं काम तिच्याकडे होतं. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर पक्षाचा माणूस बसतो आणि मत देऊन गेलेल्याचा यादीतला आकडा खोडतो. तासातासाला तो कागद कचेरीत येतो. ज्यांचा आकडा खोडलेला नाही त्यांना फोन जातो, मत दिलंत का, गाडी पाठवू का. यातून सुटका फक्त पक्क्या लोकांची. त्यांच्या नावापुढे लॉर्ननं आधीच लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'फोन नको'. त्या पक्क्यांत सगळ्यांत वर त्याच्या बापाचं नाव होतं.

मोरागनं खोक्यातून केंद्र क्रमांक तीनचे कागद काढले, पट्टी ठेवली आणि घरच्यांच्या नावांवर आली. "एफी मॅकएकर्न. खोडलंय."

"न खोडून सांगतंय कोणाला?" एफी म्हणाली. "सकाळी सातला दार उघडायच्या आधी उभी होते मी."

"बाबा, तुमचं खोडलंय. जेरारकाका, खोडलंय. रोनाआत्या. मी." पट्टी एक ओळ वर सरकली. "आजोबा..."

हेक्टरला चुलीतली लाकडं तडतडताना ऐकू आली. मोरागनं मान वर केली नाही, पण पट्टी हलली नाही तेवढ्यावरून त्याला कळलं की तिला कळलं.

"खोडलंय," मोराग म्हणाली.

"म्हणजे सगळ्यांनी दिलंय," लॉर्न म्हणाला. "मग दिलं कुणाला, एवढंच राहतं. बघू तो कागद."

त्यानं हात पुढे केला. मोरागनं कागद खोक्यात टाकला आणि खोकं मांडीवर ओढून घेतलं. "बघायची गरज नाही. मी हिरव्यांना दिलं."

झारा तव्यावर पडला. रोना भाचीकडे बघत राहिली. बुटांच्या तळांची झीज तिनं सोसली होती, पण हा घाव सोसवेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटेना.

"हिरव्यांना!" एफी म्हणाली. "अगं, निळ्यांना तरी द्यायचंस! शत्रूला दिलं असं तरी सांगता आलं असतं चारचौघांत."

"पिशवीवरचा हिरवा बिल्ला बघूनच मी ओळखलं होतं," लॉर्न म्हणाला. "स्वतःच्या आत्याला पाडलंस. उद्या कोर्टात येऊ नकोस. आणि परवा घरीही नाही आलीस तरी चालेल."

"आलीस तर नांगराखाली येशील," जेरार म्हणाला. स्वतःवरचं बालंट टळल्याच्या आनंदात त्याला पहिल्यांदाच घरातल्यासारखं वाटत होतं, आणि लॉर्ननंही त्याच्या ताटात आपल्या हातानं टिक्की वाढली.

मोराग खाली मान घालून बसली होती. डोळ्यांतलं पाणी तिनं बाहीला पुसलं. हेक्टर उठला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण समोर एफीचा चेहरा दिसला, लॉर्नचा दिसला आणि तो दाराकडे वळला. "कुंपण बघून येतो," तो म्हणाला. कुंपणाला काय झालंय, असं कुणी विचारलं नाही.

*

एल्डन वेदरबी शेडमध्ये शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. मेच्या पहिल्या दिवशी हंगाम सुरू होणार होता आणि अजून साठ पिंजऱ्यांच्या जाळ्या फाटलेल्या होत्या. हेक्टरला बघून त्यानं बाजूची पेटी पायानं सरकवली.

"बरोबरी झाली म्हणे."

"झाली," हेक्टर म्हणाला आणि बसला. "तू आणि मी गेलो असतो तरी बरोबरीच झाली असती. बाराशे पाच आणि बाराशे पाच. तेवढंच मनाचं समाधान करत आलोय वाटेनं."

एल्डन गाठ मारत राहिला. दोन गाठी झाल्या, तिसरी चुकली.

"हेक, बाराशे सहा आणि बाराशे चार झाली असती."

"काय?"

"मी रोनाला देणार होतो."

हेक्टरला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. एल्डन वेदरबीचा आजा निळा होता, बाप निळा होता, त्याच्या नावेचा रंग निळा होता.

"माझी बायको डोरिस अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन महिने तुझी पोर रोज शाळा सुटली की इथं यायची," एल्डन म्हणाला. "डोरिसचे केस विंचरायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि तेही निळ्यांचं कौतुक असलेलं पान. डोरिसला बरं वाटावं म्हणून. ब्लेन डूअर अंत्यविधीला आला आणि जाताना पत्रकं वाटून गेला. डोरिस मला म्हणाली होती, एल्डन, ही पोर कधी उभी राहिली तर लाजू नकोस."

"मग कुंपणाशी बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. तोंड उघडलं. तूच हात पुढे केलास! मला वाटलं, बघा, स्वतःच्या पोरीच्या वेळीही हा माणूस शब्द पाळतोय. एवढ्या मोठ्या माणसापुढे मी लहान कशाला होऊ?"

"मी मोडायला आलो होतो, गाढवा!"

"मग मोडायचा होतास!"

"तू ट्रॅक्टरभर माणसं घेऊन जाशील म्हणून भ्यालो."

"ट्रॅक्टरभर!" एल्डननं सुतळी खाली टाकली. "पोरं आपापल्या गाड्यांतून गेलीसुद्धा. मला कोण विचारतंय? निळ्यांचा फोनही आला नाही. मी पक्का ना त्यांचा."

हेक्टरनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

"माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो, हे ऐकलं होतं," एल्डन म्हणाला. "तू एका पायावर पाडलास आणि दुसऱ्या पायासाठी मला बोलावलंस."

हेक्टर हसला नाही. "पोरीनं आळ घेतलाय. मोरागनं. माझ्यासाठी."

"मग इथं काय करतोयस?" एल्डन म्हणाला.

*

हेक्टर परत आला तेव्हा लॉर्न फोनवर वर्तमानपत्राला निवेदन वाचून दाखवत होता. 'हिरव्या पक्षानं मतं खाल्ली' हे वाक्य त्यात दोनदा होतं. हेक्टरनं कोटही न काढता, चिखलाच्या बुटांनी, स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. शेड, पत्ते, सदतीस वर्षं, कुंपण. मोरागनं मत रोनालाच दिलंय आणि कागदावर न खोडलेला आकडा आपला आहे, हेही. एल्डनचं शेवटी सांगितलं, कारण ते सर्वांत जड होतं.

मग एफी म्हणाली, "वर गेल्यावर वडिलांना काय तोंड दाखवशील?"

"दिलेला शब्द मोडू नये, हे वडिलांनीच शिकवलं."

"मत द्यायलाही वडिलांनीच शिकवलं! तेवढं बरं विसरलास!"

"सदतीस वर्षं," लॉर्न म्हणाला. तो पहिल्यांदाच खाली बसला होता. "म्हणजे सायलसकाका आपल्याकडून उभे राहून आठ मतांनी पडले तेव्हा..."

"तेव्हा एल्डनही गेला नव्हता," हेक्टर म्हणाला. "दोघं गेलो असतो तरी आठच, फरक काहीच पडला नसता."

"फरक! आणि मी तुमच्या नावापुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं, फोन नको!" लॉर्ननं कपाळावर हात मारला. पण तो पक्षाचा माणूस होता, आणि पक्षाच्या माणसाचं डोकं कपाळावर हात असतानाही चालू असतं. तो हळूहळू उठला. "हे बघा. ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. लालांच्या उमेदवाराच्या बापानंच मत दिलं नाही, हे छापून आलं तर पुढची तीस वर्षं लोक हसतील. मोरागचं आहे तेच राहू दे. निवेदनही गेलंय."

"म्हणजे गुन्हेगार मीच राहू?" मोराग म्हणाली.

"पक्षासाठी, बाळा. आत्ता तू आम्हाला फार मोलाची आहेस."

"मघाशी घरी येऊ नकोस म्हणालात."

"ते भावनेच्या भरात. हे विचारपूर्वक आहे."

"लॉर्न, पोरीच्या नावावर एक अक्षर घालशील तर बघ," हेक्टर म्हणाला. त्याचा जुना आवाज परत आला होता. "मी स्वतः वर्तमानपत्रात फोन करीन. निवेदनातली ती हिरव्यांची ओळ आत्ताच्या आत्ता मागे घे."

जेरार उठला, मोरागच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "नांगराचं बोललो ते मनावर घेऊ नकोस," तो पुटपुटला. मग लॉर्नकडे वळून म्हणाला, "फोन लाव." आणि एफीनं, जी जन्मात जावयाच्या बाजूनं बोलली नव्हती, झारा फोनकडे रोखला.

लॉर्ननं फोन लावला.

रोना खिडकीशी उभी होती. हेक्टर तिच्याजवळ गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"बाबा, तुम्ही मला मत दिलं असतं?"

"हे काय विचारणं झालं?"

"विचारतेय."

"दिलं असतं, रोना. तुलाच दिलं असतं." "माझं चुकलं, पोरी."

रोनानं मान हलवली. "माझ्या यादीतही तसंच होतं, पक्क्यांना विचारायचं नाही. सतराशे बारा दारं ठोठावली मी. कुत्री चावली, एकदा एका बाईनं अंगावर पाणी ओतलं. वेदरबीच्या पुढच्या घरी गेले, आपल्या मागच्या घरी गेले. दोनच दारं सोडली. एक आपलं म्हणून आणि एक त्यांचं म्हणून." ती खिडकीबाहेर बघत होती. "दोन्हीकडून मत मिळणार होतं. मी विचारलंच नाही."

तिनं कोट उचलला आणि जेरारला म्हणाली, "चल, घरी जाऊ." दार लागलं. तिनं माफ केलं की नाही, हे हेक्टरला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

*

शुक्रवारी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. निळे डावीकडे, लाल उजवीकडे, जसे चर्चमध्ये दोन भांडलेली घराणी लग्नाला बसतात तसे. दहाला पाच मिनिटं असताना एल्डन वेदरबी आला, सवयीनं डावीकडे वळला, थांबला, आणि सगळ्यांच्या देखत उजवीकडे येऊन हेक्टरशेजारी उभा राहिला. गळ्यात लाल मफलर होता. निळ्यांच्या एका पुढाऱ्यानं घाईघाईनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"मफलर कुणाचा?" हेक्टरनं कुजबुजत विचारलं.

"डोरिसचा."

नियम वाचून दाखवण्यात आला. उमेदवारांच्या आडनावांत मुळाक्षरांच्या क्रमानं जो आधी येईल, त्याला नाण्यावरचा राजा. दुसऱ्याला सांबराची बाजू. डूअर आधी, मॅकएकर्न नंतर. तिसऱ्या ओळीत बसलेल्या जेरारनं हळूच बोटांवर अक्षरं मोजली आणि त्याचा चेहरा पडला. आर्सेनो दोघांच्याही आधी आलं असतं.

निवडणूक अधिकाऱ्यानं नाणं उडवलं. ते छताच्या पंख्यापर्यंत गेलं, न्यायाधीशबाईंच्या टेबलावर आपटलं, गिरक्या घेत कडेपर्यंत आलं. हेक्टरनं एल्डनचा दंड पकडला होता. दोघांच्या बोटांत मिळून दीडशे वर्षांचा संधिवात होता, तरी दुखलं कुणाला नाही.

राजा.

डावीकडून आरोळी उठली. ब्लेन डूअर खुर्चीवर चढला, हात जोडून शांतता मागितली आणि म्हणाला, "या प्रांताच्या जनतेनं आज स्पष्ट कौल दिला आहे." कुणीही हसलं नाही. रोना गर्दीतून वाट काढत गेली, त्याच्याशी हात मिळवला, अभिनंदन म्हणाली आणि खरोखर मनापासून म्हणाली. ते बघून हेक्टरला नाणं पडल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. अशी पोर त्यानं पत्त्यांच्या डावात घालवली होती.

परतताना ट्रक जेरार चालवत होता. सोमवारपासून नांगर दुसऱ्या कुणाकडे जाणार, हे ठरल्यातच जमा होतं, आणि पुढाऱ्याच्या वहीत काही का लिहिलेलं असेना, जूनपर्यंत डांबर वेदरबीच्या फाटकाशी येणार, हेही. ज्यानं मत दिलं नाही आणि दिलं असतं तर लालांना दिलं असतं, त्याच्या दाराशी निळं सरकार निष्ठेचं बक्षीस घालणार होतं. फाटकापाशी हेक्टर उतरला. घरात जाऊन कोट काढला, टाय सैल केला, चुलीत लाकूड सरकवलं.

दारावर टकटक झाली.

या घराच्या दारावर कधी कुणी टकटक करत नसे. माणसं लाथेनं दार ढकलून आत यायची. हेक्टरनं उघडलं. पायरीवर रोना उभी होती, हातात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा. तिच्यामागे आवारात ट्रक उभा होता, त्यात जेरार, आणि मधल्या सीटवर मोराग.

"नमस्कार," रोना म्हणाली. सतराशे बारा दारांशी झिजलेला तो आवाज होता. "मी रोना आर्सेनो. शाळेत मुख्याध्यापिका आहे. पुढच्या निवडणुकीला उभी राहणार आहे."

ट्रकमध्ये जेरारनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

हेक्टरनं टाय पुन्हा वर सरकवला. "बरं," तो म्हणाला.

"तुमचं मत मला मिळेल का?"

"मिळेल."

"गाडी पाठवायला लागेल?"

"नको. चालत जाईन."

रोनानं गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. तेवढ्यापुरता तिनं त्याचा हात धरला, आणि पत्रक देऊन झालं तरी सोडला नाही. मग पायऱ्या उतरली, फाटकाबाहेर पडली आणि डांबर संपतं तिथून चिखलात शिरली. एक बूट रुतला; तो ओढून काढून ती पुढे चालू लागली.

साठ पावलांपलीकडे एल्डन दाराशी येऊन उभाच होता. तिला येताना बघून तो लगबगीनं आत गेला आणि दार लावून घेतलं, म्हणजे तिला ते ठोठावता येईल.